हातातला चाकू

हिनेस तेबार खोटं बोलत नसे. स्टेशनच्या फलाटावर चाकू विकणाऱ्या माणसाबद्दल असं काही सांगितलं तर आमच्या आल्बासेतेत लोक गालातल्या गालात हसतात. हसा बापडे. पण मी सांगतो ते खरं आहे, आणि त्याच्या खरेपणाचं पुढे जे मातेरं झालं ते बघता तो थोडासा खोटारडा असता तर बरं झालं असतं, असंही मला कधी कधी वाटतं.

युद्ध संपून बरीच वर्षं झाली होती, पण पोलाद अजून औषधालाही मिळत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. माद्रिदहून समुद्राकडे जाणारी गाडी आमच्याकडे थांबायची, इंजिन पाणी प्यायचं, आणि तेवढ्या वेळात चाकूवाले खिडक्याखिडक्यांशी धावायचे. छातीपासून पोटापर्यंत कातड्याचा रुंद पट्टा, त्यात ओळीने खोचलेले मिटलेले चाकू, शिंगाच्या मुठी, पितळेच्या टोप्या. आमचं गावच चाकूंचं. इथल्या पोराला आईच्या हाकेआधी कानशीचा आवाज कळतो. फलाटावरचे गडी म्हणजे एकेक नमुने होते. एक जण गाडी हलेपर्यंत खिशात सुटे पैसे शोधत राहायचा आणि मग हात हलवून गिऱ्हाइकाला निरोप द्यायचा. दुसरा बैलाचं शिंग हरणाचं म्हणून खपवायचा. हिनेस त्यांच्यातच ऊठबस करणारा, त्यांच्याबरोबरच वाइन पिणारा, पण धंद्यात त्याने तसलं काही केलं नाही.

आमचा चाकू घडीचा, खटक्याचा. पातं उघडायला लागलं की त्याच्या बुडाचे दाते मुठीच्या पाठीवरच्या पट्टीत एकेक करून अडकतात, कट, कट, कट, आणि शेवटच्या दातावर पातं घट्ट बसतं. मिटायचं तर पट्टीची कडी ओढायची. कडी ओढल्याशिवाय ते मिटता कामा नये, सगळा जीव त्यात आहे. कारण मूठ आपण चार बोटांनी धरलेली असते, आणि पातं मिटतं ते त्या बोटांवरच.

हिनेसच्या बापाचं तसंच झालं होतं. वेल छाटताना जत्रेत घेतलेल्या चाकूचा खटका सुटला, आणि त्यानंतर बापाने चमचासुद्धा डाव्या हाताने धरला. आमच्याकडे पाव घरातल्या पुरुषाने छातीशी धरून कापायचा असतो. जेवायला बसलं की बाप पाव मुकाट्याने आईकडे सरकवायचा आणि दुसरीकडे बघायचा. हे बघत हिनेस लहानाचा मोठा झाला. म्हणून फलाटावर बाकीचे धारेचे गोडवे गायचे तेव्हा हा खटक्याबद्दल बोलायचा. धार काय, गेली तर लावता येते, खटका गेला तर बोट जातं, हे त्याचं ठरलेलं वाक्य.

नुसतं बोलायचा नाही, करून दाखवायचा. खिडकीखाली उभं राहायचं, चाकू उघडून कट-कट ऐकवायची, मूठ चारी बोटांनी आवळायची, पात्याची पाठ खिडकीच्या लाकडी चौकटीवर टेकवायची आणि सगळ्या अंगाचा भार टाकायचा. बायका डोळे मिटून घ्यायच्या. पातं तसूभर हलायचं नाही.

"बोटं माझीच आहेत, बाई," तो म्हणायचा. "भरवसा नसता तर मध्ये घातली असती का?"

एवढं बघितल्यावर न घेणारा माणूस विरळा.

हे चाकू बनवायचा अमान्सिओ. दोघे एकाच भट्टीवर शिकलेले, एकाच ताटात जेवलेले. हिनेसला सहाणेच्या चाकाची धूळ सोसली नाही, छाती भरून यायची, म्हणून त्याने भट्टी सोडून पट्टा चढवला. अमान्सिओ राहिला आणि उस्ताद झाला. त्याच्या खटक्याचा आवाज गावात नावाजलेला होता. आमच्यातले म्हातारे चाकू बघत नाहीत, कानाशी नेऊन उघडतात, आणि अमान्सिओचा चाकू असला की नाव न वाचता सांगतात. हिनेसच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून अमान्सिओनेच हातावर धरलं होतं. बर्फ पडलं की दोन्ही घरं एकत्र जमायची, खारवलेला मासा आणि बटाटा लसूण घालून खलात कुटायची आणि एकाच भांड्यातून खायची. सख्खा भाऊ नसला तरी चाललं असतं, पण अमान्सिओशिवाय हिनेसचं पान हलायचं नाही.

हिनेसने धंदा सुरू केला त्या दिवशी अमान्सिओने त्याला एक चाकू दिला. काळी मूठ, रुंद पातं, उघडताना आवाज असा की रस्त्यावरचा माणूस थांबून बघेल. "हा तुझ्या हातातला," तो म्हणाला. "दाखवायचा तो हाच. पट्ट्यातले उघडत बसू नकोस, चरे पडतात. आणि हा कध्धी विकायचा नाही. हातातला विकला की फलाटावरचं नशीब गेलंच म्हणून समज."

हिनेसला ते पटलं. न पटायला काय झालं? पट्ट्यातला चाकू गिऱ्हाइकानेच पहिल्यांदा उघडावा, ही आमच्याकडची रीतच आहे. आधी कुणी उघडलेला चाकू म्हणजे उष्टा घास. आणि चाकू भेट म्हणून कधी देत नाहीत, मैत्री कापली जाते. म्हणून घेणाऱ्याने एखादं फुटकळ नाणं तरी द्यायचं, म्हणजे तो विकत घेतल्यासारखा होतो. हिनेसने खिशातलं तांब्याचं नाणं काढून दिलं. अमान्सिओने त्याला भोक पाडलं आणि सहाणेच्या वर भिंतीत खिळ्याने ठोकलं. कुणी विचारलं तर सांगायचा, हे माझ्या दोस्ताचं.

अशी वर्षं गेली. हातातल्या चाकूने हिनेसला कधी दगा दिला नाही.

मध्ये एकदा मात्र एक प्रकार झाला. रजेवरून परतणारा एक शिपाई खिडकीतून वाकला. मिसरूड नुकतं फुटलेलं, उजव्या हाताला जाडजूड पट्टी. जाताना हिनेसकडूनच चाकू घेतला होता, म्हणाला, दोर कापताना मिटला. तो भांडत नव्हता हो. पैसेही मागत नव्हता. नुसतं सांगत होता. पण हिनेसच्या डोक्यात तिडीक गेली. अमान्सिओच्या खटक्याला नाव ठेवणं म्हणजे त्याच्या बापाला नाव ठेवण्यासारखं. त्याने सगळ्या डब्यासमोर हातातला चाकू उघडला, चौकटीवर टेकवला, भार टाकला.

"हलला का? हलला का सांग," तो म्हणाला. "कडीला तुझंच बोट लागलं असणार, बाळा. चाकू मोठ्या माणसांनी वापरायचा असतो."

डबा खो-खो हसला. शिपाई कानापर्यंत लाल झाला आणि खिडकीतून मागे सरला. त्या संध्याकाळी हिनेसने ही गंमत अमान्सिओला सांगितली. अमान्सिओही हसला, वाइन ओतली, आणि म्हणाला की बरं केलंस, असल्यांना असंच पाहिजे. हे हसणं पुढे हिनेसला फार आठवायचं.

आणि मग तो म्हातारा आला. समुद्राकडच्या संत्र्याच्या बागेतला शेतकरी, बायकोला डॉक्टरकडे दाखवून परत निघालेला. बोटं संधिवाताने वाकडी झालेली. त्याला घट्ट खटक्याचा चाकू हवा होता, कारण त्याच्या बोटांना आता चुकायला जागा नव्हती, असं तो म्हणाला. हिनेसने नेहमीसारखं दाखवलं. म्हातारा बघत राहिला आणि म्हणाला, हाच दे. पट्ट्यातला नको. हा मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय.

हिनेसने सांगितलं, आजोबा, सगळे एकाच हातचे आहेत. म्हातारा हटून बसला. त्याच्या शेजारी बायको, गुडघ्यांवर औषधाच्या बाटल्यांचं गाठोडं. हिनेसला आपल्या बापाची आठवण झाली, पाव सरकवणाऱ्या. नशीब जातं तर जाऊ दे, त्याने विचार केला, अमान्सिओ दुसरा हातातला देईल. चाकू त्याने खिडकीतून वर दिला. म्हाताऱ्याने तो चादरीच्या घडीत नीट ठेवला आणि गाडी गेली.

पुढची गाडी आली तेव्हा हिनेसने पट्ट्यातलाच एक काढला. पहिल्यांदाच उघडला. आवाज तोच, कट-कट गोड. एका जाड्या व्यापाऱ्याच्या खिडकीखाली उभा राहिला, मूठ आवळली, पात्याची पाठ चौकटीवर टेकवली, ते नेहमीचं बोटांचं वाक्य म्हटलं आणि भार टाकला.

पातं मिटलं. आवाजसुद्धा झाला नाही. अंगठ्याशेजारची दोन बोटं हाडापर्यंत कापली गेली, आणि व्यापाऱ्याच्या पांढऱ्या बाहीवर रक्त उडालं. हिनेस ओरडला नाही. तो हातातल्या मिटलेल्या चाकूकडे बघत राहिला, भर दिवसा ओळखीच्या माणसाने थोबाडीत मारावी तसा. बाकीच्या चाकूवाल्यांनी त्याला धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरने मन लावून शिवलं. पण आतली दोरीच तुटली होती, ती दोन बोटं आता वळायची नाहीत, असं त्याने सांगितलं. आणि आमचा हा शहाणा काय म्हणाला असेल? म्हणाला, चूक माझीच. खटक्याची पट्टी तेलाने निसरडी झाली असेल, मी आधी पुसली नाही. ज्याने ज्याने विचारलं त्याला त्याला तेच सांगितलं. बायको ओब्दुलियाला सांगितलं. स्वतःलाही सांगितलं. हाताच्या ठणक्याइतकीच त्याला काळजी होती की अमान्सिओच्या नावाला बट्टा लागू नये.

अमान्सिओ धावतच आला, कमरेला भट्टीचं चामडं तसंच. हिनेसला वाटलं, आता हा गळ्यात पडून रडणार. अमान्सिओने पट्टी बांधलेल्या हाताकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "कुठला मिटला? हातातला तर नाही ना?"

"हातातला विकला," हिनेस म्हणाला. "एका म्हाताऱ्याला पाहिजे होता."

अमान्सिओच्या तोंडचं पाणी पळालं. मग तो चिडलाच. विकलास म्हणजे काय, तुला लाखदा सांगितलं होतं विकू नकोस म्हणून, एवढी एक गोष्ट तुला पाळता आली नाही, असं बरंच काही बोलला. हाताबद्दल एक शब्द नाही. मग भानावर आला, काय लागेल ते सांग म्हणाला, ओब्दुलियाच्या खांद्यावर थोपटलं आणि घाईघाईने गेला.

ओब्दुलिया दार लावून आली. तिला अमान्सिओची साखरपेरणी कधी आवडली नव्हती, पण नवऱ्याच्या दोस्ताबद्दल तिने आजवर तोंड उघडलं नव्हतं. आता ती एवढंच म्हणाली, "त्याला हाताचं कमी आणि चाकूचं जास्त का लागलं?"

नशिबाचं असेल, हिनेस म्हणाला. पण बोलता बोलताच त्याचं मन ठेचकाळलं. नशीब गेलं म्हणून माणूस हळहळतो, त्याच्या तोंडचं पाणी पळत नाही. त्याने पट्टा मागितला. ओब्दुलियाने तो टेबलावर पसरला. स्वयंपाकघरात दगडी खल होता, बर्फाच्या दिवशी दोन्ही घरांचं जेवण ज्यात कुटलं जायचं तोच. हिनेसने डाव्या हाताने एक चाकू काढला, दातांनी पातं ओढून उघडला, मूठ टोकाला धरून पाठ खलाच्या काठावर दाबली. मिटला. दुसरा काढला. तो थोडा टिकला आणि मिटला. तिसरा. चौथा. प्रत्येक जण उघडताना तितकाच गोड गायचा.

"कळलं ना आता? पुरे," ओब्दुलिया म्हणाली.

त्याला पुरे होत नव्हतं. एखादा तरी टिकावा म्हणून तो सबंध पट्टा रिकामा करत गेला. एकाची पट्टी त्याने कानशीने घासली. लोखंड लोण्यासारखं निघालं. भट्टीवर वाढलेल्या माणसाला आणखी काय सांगायला हवं? ते पोलाद नव्हतंच. वाइनच्या पिंपांना बांधतात त्या पत्र्याच्या पट्ट्या होत्या, त्यांना पाणी दिलेलंच नव्हतं. आणि आवाज गोड यावा म्हणून दाते घासून गोल केलेले. खरं पोलाद होतं ते एकाच चाकूत, आणि तो आता समुद्राकडे कुणाच्या तरी चादरीच्या घडीत होता. दाखवायचे दात वेगळे, हे गावाने हत्तीबद्दल ऐकलं होतं. हिनेसने ते इतकी वर्षं स्वतःच्या मुठीत धरलं होतं.

तो तसाच उठला, टोपीसुद्धा न घालता.

अमान्सिओ सहाणेशी बसला होता. गावातल्या दुकानासाठी चाकू घासत होता. हिनेसने विचारण्याआधी त्यातला एक उचलला आणि बाकाच्या कडेवर दाबला. पातं हललं नाही. दुसरा दाबला, तोही हलला नाही.

"गावाला खरे आणि मला खोटे," हिनेस म्हणाला.

अमान्सिओने नाकारलं नाही, एवढं त्याचं चांगलं. पोलाद कुठून आणायचं, त्याने विचारलं. जे थोडं मिळतं ते गावात द्यावं लागतं, इथे खटका सुटला तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दारात उभं राहतं. गाडीतलं गिऱ्हाईक काय, सफरचंद सोलतं, सॉसेज कापतं, गाडी गेली की गेली. त्याला कशाला हवा खटका?

"शिपाई परत आला होता," हिनेस म्हणाला. "तुला सांगितलं होतं मी. तू हसलास."

अमान्सिओने हातातला चाकू सहाणेपाशी खाली ठेवला.

"मला सांगायचंस. मी विकले नसते. निदान बोटं तरी मध्ये घातली नसती."

"म्हणून तर सांगितलं नाही, गड्या," अमान्सिओ म्हणाला, आणि खरं सांगतो, तो हे प्रेमानेच म्हणाला. "तुला खोटं बोलता येत नाही. तुझ्या तोंडावर दिसलं असतं. तुझं ते खरं तोंडच तर विकलं जात होतं, चाकूला काय. आणि बोटांचं म्हणशील तर तुला इजा होऊ नये म्हणूनच हातातला वेगळा दिला होता ना मी? तुझ्या बोटांना जपलंच मी."

हिनेसला पहिल्यांदा रडू आलं ते इथे. दवाखान्यात आलं नव्हतं. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते त्याला आता समजलं. बोटांचं दुःख नव्हतं. खिडकीखिडकीशी उभं राहून त्याने अनोळखी माणसांना जीव तोडून सांगितलेलं एकेक वाक्य खोटं होतं, आणि ते त्याच्या तोंडून दुसऱ्या कुणी बोलून घेतलं होतं. त्या सगळ्यांत ज्याला खरं मिळालं असा एकच, तो वाकड्या बोटांचा म्हातारा, आणि तोही नियम मोडला म्हणून.

त्याने डोळे पुसले आणि भिंतीकडे बोट केलं. "माझं नाणं दे."

अमान्सिओला आधी कळेना. कळलं तेव्हा तो उभा राहिला. "असं नको करूस. मुलीला हातावर घेतलंय मी तुझ्या. नाणं परत घेतलंस तर तो चाकू भेट ठरेल. भेट ठरला तर काय होतं ते तुला माहीत आहे."

"माहीत आहे म्हणूनच मागतोय."

अमान्सिओ जागचा हलला नाही. मग हिनेसने खिशात राहिलेला पट्ट्यातला एक चाकू काढला, दातांनी उघडला, टोक नाण्याखाली घातलं आणि उचकटायला जोर लावला. पातं मिटलं. या खेपेला बोटं मध्ये नव्हती, मूठ त्याने टोकाला धरली होती. मिटलेला चाकू त्याने अमान्सिओच्या पुढ्यात ठेवला आणि वाट बघत उभा राहिला. शेवटी अमान्सिओनेच पकड घेतली, स्वतः ठोकलेला खिळा स्वतः उपटला, आणि नाणं त्याच्या डाव्या तळहातावर ठेवलं. भिंतीवर त्या जागी काजळी नसलेला एक गोल राहिला.

गावात कुणाला त्याने काही सांगितलं नाही. सांगून उपयोगही नव्हता, फलाटावरचे बाकीचे म्हणाले असते, त्यात काय एवढं. दोन्ही घरं पुन्हा एका भांड्यातून जेवली नाहीत. घरात पाव आता ओब्दुलिया कापते. हिनेस तो तिच्याकडे सरकवतो आणि दुसरीकडे बघतो.

फलाट मात्र त्याने सोडला नाही. उन्हाळ्यात डाव्या खांद्यावर मातीची सुरई घेऊन तो खिडक्यांशी पाणी विकतो. कुणी विचारलंच की इथला कुठला चाकू चांगला, तर म्हणतो, मला त्यातलं कळत नाही. त्या एका शिपायाचं नाव त्याला माहीत नाही, गाव माहीत नाही, आता तो शिपाई राहिला असेल असंही नाही. तरी कुठल्या खिडकीतून पाण्यासाठी हात बाहेर आला की हिनेस आधी बोटं बघतो, आणि मग तोंड.